होकायंत्राखालचा नाल

मित्रांनो, मी एक जुने होकायंत्र आहे. आज मला घाई आहे, म्हणून माझी गोष्ट थोडक्यात सांगतो. मध्येच कोणी प्रश्न विचारू नका, माझी चकती गरगरते.

माझा जन्म लीथच्या बंदरातल्या एका कारखान्यात झाला. पितळी वाटी, वर जाड काच, आत स्पिरिट आणि त्यात तरंगणारी गोल चकती, एवढाच माझा देह. चकतीवर आकडे रंगवणाऱ्या बाईला खोकला झाला होता. त्यामुळे माझ्या उत्तरेच्या टोकाशी काळ्या रंगाचा एक थेंब जास्तीचा पडला आहे. तो सोडला तर माझ्यात खोट नव्हती. मला दिसते फार थोडे. काचेवर जो वाकेल त्याचा चेहरा आणि त्याच्या मागचे आभाळ, बस्स. पण लोखंड मला अचूक कळते. कोणाच्या बुटाला खिळे आहेत, कोणाच्या खिशात किल्ल्या आहेत, ते मला न बघता समजते. आणि खरे सांगायचे तर मला लोखंडाचे भय वाटते.

हॉय बेटावरच्या एडविन हार्कसने मला विकत घेतले आणि आपल्या ‘थोरा’ नावाच्या शिडाच्या बोटीवर बसवले. एडविनच्या उजव्या खिशात नेहमी एक चाकू असायचा. तो सुकाणूपाशी येऊन बसला की माझी चकती त्याच्याकडे केसभर झुकायची. ते त्याला ठाऊक होते. तो काचेवर टिचकी मारून म्हणायचा, “आलो रे बाबा, ओळखलंस.” मग तो केसभराचा फरक मनात धरूनच बोट हाकायचा. आमचे बेट आणि समोरचा किनारा यांच्यामधल्या सामुद्रधुनीत भरतीचे पाणी पूर्वेकडे आणि ओहोटीचे पश्चिमेकडे असे धावते की शर्यतीच्या घोड्याने हात टेकावेत. तिथे एडविनने मला कधी दोष दिला नाही आणि मी त्याला कधी फसवले नाही. ती माझी सुखाची वर्षे होती.

मग एका सकाळी धुके पडले. शिडाचा दोर अडकला म्हणून एडविन उठून पुढे गेला. चाकूची ओढ माझ्यापासून लांब गेली, डोलकाठीपर्यंत गेली आणि तिथून खाली गेली. खाली, आणखी खाली, आणि मग नाहीशी झाली.

पाणी फिरल्यावर थोरा एकटीच घरी आली. शीड चढवलेले, सुकाणूवर कोणी नाही, आणि बरोबर घराखालच्या आपल्या उतारावर येऊन टेकली. एडविनची बायको ब्रेटा अंगणात कपडे वाळत घालत होती. बोट आलेली पाहून तिने आत जाऊन चहाचे आधण ठेवले. ते आधण बराच वेळ उकळत राहिले.

तेव्हापासून लोक थोराकडे बघायचे टाळू लागले. आमच्याकडे मानतात की समुद्राच्या हातातून काही निसटले तर तो ते विसरत नाही. बोट उतारावर उलथी पडली आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीत आलो. शेजारी ओतीव लोखंडाची चूल होती. तीन हिवाळे मी उत्तरेकडे पाठ करून त्या चुलीकडे बघत बसलो. काचेवर धूळ साचली. कोणी पुसली नाही.

शेवटी ब्रेटाने बोट विकली. विकत घेणारे निघाले समोरच्या किनाऱ्यावरचे, हूनाचे पाद्री. आमच्या खलाशांच्या तोंडी हा शब्द येत नाही. पाद्री म्हणजे बोटीला अपशकुन, म्हणून प्रवचनाला उभे राहतात त्यावरून ते त्यांना ‘उभा राहणारा’ म्हणतात. आधीच एकटी परत आलेली बोट, त्यात ती उभ्या राहणाऱ्याची. पोहोचवायला कोणी तयार होईना. तेव्हा डाकेच्या बोटीवर काम करणारी ब्रेटाची मुलगी ऑस्ला म्हणाली की मी नेते. तिच्या बापाचा भाऊ, दावी काका, कुरकुरत का होईना, तिच्याबरोबर निघाला.

त्यांचा सगळा बेत माझ्यासमोर ठरला. ऑस्लाने जेवणाच्या टेबलावर सामुद्रधुनी मांडली.

“हे बघ काका, ही जवाची भाकरी म्हणजे स्ट्रोमा बेट. लोण्याची वाटी म्हणजे स्वोना. आपल्याला या दोघांच्या मधून जायचंय.”

“लोणी जरा इकडे सरकव.”

“हात नको लावूस. बेट आहे ते.”

“बेटाशिवाय भाकरी कशी खाऊ?”

“ऐक आधी. उधाणाच्या दिवसांत नाही जायचं, भांगाच्या दिवसांत जायचं, पाण्याचा जोर कमी असतो तेव्हा. ओहोटी संपली की पाणी थोडा वेळ थबकतं. तेवढ्यात बाहेर पडायचं आणि भरतीने अंग हलवलं की तिच्याच पाठीवर बसून बरोबर मधून निघायचं. जरा जरी उजवीकडे गेलो तर भाकरीच्या या टोकाला स्वेल्की आहे.”

स्वेल्की म्हणजे तिथला भोवरा. त्याच्या तळाशी एक जाते फिरत असते असे जुने लोक सांगतात. ते काय दळते हे कोणी सांगत नाही.

“आणि एवढं करून बोट द्यायची कोणाला,” दावी काका म्हणाला, “तर त्या उभ्या राहणाऱ्याला.”

“पाद्री म्हण ना, काका. जीभ झडणार नाही.”

काकाने झटकन हात लांब करून चुलीचे लोखंड शिवले. आमच्याकडे तोच उतारा असतो. “घरात म्हणालीस ते म्हणालीस. बोटीवर म्हणालीस तर मी पोहत परत येईन.”

“तुला पोहता कुठे येतं?”

“म्हणूनच सांगतोय.”

ब्रेटा पाठ करून पीठ मळत होती. ती वळली नाही. “पाणी कधी थबकणार ते तुझं पुस्तक सांगतं,” ती म्हणाली. “माणूस परत येणार की नाही, ते सांगतं का?”

ऑस्लाने भाकरीचा चुरा पुसून काढला.

निघायच्या आदल्या दिवशी ऑस्लाने माझी काच पुसली आणि मला थोरावर माझ्या पेटीत परत बसवले. दोन दीपगृहे एका रेषेत धरून तिने मला तपासले. “एका अंशाचाही फरक नाही,” ती म्हणाली. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला चांगले म्हटले. मला किती आनंद झाला ते काय सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑस्ला घरून शिदोरी आणायला वर गेली, तेव्हा ब्रेटा बोटीवर आली. तिच्या ओच्यात काहीतरी होते. ती जसजशी जवळ आली तसतसा मी उत्तर सोडून तिच्या पोटाकडे वळू लागलो. त्यांच्या मेलेल्या घोड्याचा नाल होता तो. तिने माझ्या पेटीखालची फळी उचलली, नाल लोकरीच्या धाग्याने आत बांधला आणि वरून गाठीवर गाठ मारली. मग माझ्या काचेवर हात ठेवून म्हणाली, “त्याला नाही राखता आलं. माझ्या पोरीला तरी राख.”

मित्रांनो, तिला कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. तिला पाण्यातल्या वाईटाची भीती होती आणि वाईट लोखंडाला भिते एवढे तिला माहीत होते. लोखंडाला मीही भितो, हे मात्र तिला कोणी कधी सांगितले नव्हते. दावी काका धक्क्यावर दोर गुंडाळत होता. त्याने सगळे पाहिले, टोपीला हात लावला आणि समाधानाने मान डोलावली.

खाडीतून बाहेर पडेपर्यंत ऊन होते. ऑस्ला किनाऱ्याकडे बघून बोट हाकत होती. माझ्याकडे तिचे लक्ष नव्हते. पाणी अगदी ठरल्याप्रमाणे थबकले होते, तेलासारखे. मग पूर्वेकडून धुके आले आणि डोलकाठीचे टोक दिसेनासे झाले. काका कान देऊन ऐकायला पुढे नाळेवर, बोटीच्या टोकाशी, जाऊन बसला. ऑस्ला माझ्यावर वाकली.

“आता सगळं तुझ्यावर,” ती म्हणाली.

तिने माझ्या आकड्यावर बोटीचे तोंड धरले. तो आकडा खोटा होता. जिला वाटत होते की आपण दोन बेटांच्या मधून चाललो आहोत, ती थोराला घेऊन थेट स्ट्रोमाच्या टोकावर निघाली होती. खालून भरती जागी होत होती. तिने आम्हाला हळूच उचलले आणि पुढे ढकलू लागली.

स्ट्रोमाच्या दीपगृहाचा भोंगा वाजला. तो उजव्या हाताला सरकत जायला हवा होता, पण तो समोरच वाजत राहिला.

“आवाज समोरून येतोय गं,” काका म्हणाला.

“धुक्यात आवाज फसवतो, काका. होकायंत्र फसवत नाही.”

मला त्या क्षणी फुटून जावेसे वाटले.

मग एक विचित्र गोष्ट घडली. बोटीच्या उजव्या अंगाला, खूप खोलवर, मला लोखंडाची एक बारीक ओढ जाणवली. ती वर येऊ लागली. बोटीच्या कडेपर्यंत आली, कडा ओलांडून आत आली आणि सुकाणूच्या उजवीकडच्या फळीवर, रिकाम्या जागेवर, येऊन थांबली. माझी चकती तिकडे केसभर झुकली. ऑस्लाच्या कोटाची बटणे शिंगाची होती आणि बूट रबराचे. काका पार पुढे होता. ऑस्लाने त्या फळीवर टेकलेला हात काढून मांडीवर घेतला. का घेतला हे तिलाही कळले नसावे, कारण तिने तिकडे पाहिलेसुद्धा नाही.

ती ओढ माझ्यावर वाकली. नाल मला एका बाजूला घट्ट धरून होता आणि दुसऱ्या बाजूने ती मला सोडवू बघत होती, पुन्हा पुन्हा, हलक्या हाताने. मी थरथरू लागलो. पुढून दळण्याचा आवाज येत होता.

“काका,” ऑस्ला म्हणाली, “तुझा चाकू खिशात आहे का?”

“नाही. घरीच राहिला, टेबलावर. का?”

“मग ही चकती का थरथरतेय? इथे लोखंड काहीच नाही.”

“लोखंडाची काळजी तू नको करूस,” काका धुक्यातून म्हणाला. “चांगलं जाडजूड आहे. तुझ्या आईने घोड्याचा नाल बांधलाय, त्या पेटीच्या बरोबर खाली. मी स्वतः पाहिलं.”

ऑस्लाचा चेहरा माझ्या काचेवर होता. तो पांढरा पडलेला मी पाहिला. तिने गुडघे टेकले, फळी उचकटली. गाठी सुटेनात. तिने धागा दातांनी तोडला.

“फेकू नकोस, ऑस्ला. आईने दिलंय.”

“नाही फेकत. हे घे आणि पार पुढे जाऊन बस. काका, तोंडातून एक शब्द काढू नकोस आता.”

नाल लांब गेला आणि मी चांगला दोन बोटे फिरलो. ऑस्लाने सुकाणूचा दांडा सगळा जोर लावून ढकलला. त्याच वेळी धुके फाटले. स्ट्रोमाची घरे अगदी अंगावर आली. वर्षभरापूर्वी शेवटचे बिऱ्हाड उठून गेले, तेव्हापासून ती तशीच उभी आहेत. एका खिडकीत पडदा होता आणि तो हलत होता. उजवीकडे पाणी उतरते होते, काळे, गुळगुळीत, मध्ये खोलगट. थोरा त्याच्या काठावरून घसरत गेली. काकाने डोळे मिटून नाल छातीशी धरला होता. शीड एकदा फडफडले, मग भरले, आणि भरतीने आम्हाला आडवे उचलून पलीकडच्या मोकळ्या पाण्यात टाकले.

उजवीकडच्या फळीवरची ती ओढ पुढेही आमच्याबरोबर होती. मी केसभर चुकत होतो. ऑस्लाला कोणी सांगितले नव्हते, तरी तो केसभराचा फरक धरूनच ती बोट हाकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. हूनाचा धक्का दिसू लागला तेव्हा ओढ उठली, कडेवरून गेली आणि खाली उतरली.

पाद्रीबुवांना माझी नीट ओळख करून द्यावी म्हणून ऑस्ला मला काखेत धरून त्यांच्या घरी घेऊन गेली. त्यांच्या बायकोने, एल्स्पेथने, पुढ्यात चहा ठेवला. ऑस्लाने आधी आईला फोन लावला. तारेतून ब्रेटाचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“पोचलीस?”

“पोचले, आई.”

पलीकडे बराच वेळ नुसते रडणे होते. मग ब्रेटा म्हणाली, “लोखंडाने राखलं ना गं? मी ठेवलं होतं तुझ्याखाली. तुझ्या बाबांच्या वेळी नव्हतं ठेवलं. मी विसरले होते.”

ऑस्लाने दावी काकाकडे पाहिले. काका आपल्या टोपीची कड चाचपत होता. तीन वर्षे ही बाई काय उराशी धरून बसली होती, ते दोघांना आत्ता कळले.

“हो, आई,” ऑस्ला म्हणाली. “राखलं.”

“मग ते बोटीवरच राहू दे. त्या बाईंनाही सांग.”

सांगायची गरज नव्हती. एल्स्पेथ चहाची किटली घेऊन तिथेच उभी होती. निघताना ऑस्लाने नाल तिच्या हातात दिला आणि हसत सांगितले की तो घराच्या दारावर लावा, बोटीत नको. का नको ते मात्र सांगितले नाही. सांगितले असते तर आईची गोष्ट सांगावी लागली असती. ऑस्लाचा मला राग येत नाही. तिच्या जागी तुम्ही तरी काय केले असते?

तेव्हापासून मी हूनाच्या धक्क्याला, थोरावर आहे. पाद्रीबुवा मोठे प्रेमळ आहेत. मला रोज पुसतात. स्ट्रोमावर आता फक्त दीपगृहातली माणसे उरली आहेत. त्यांच्यासाठी प्रार्थना म्हणायला जाता यावे, म्हणूनच त्यांनी ही बोट घेतली. उद्या सकाळी पाणी थबकले की ते पहिल्यांदा एकटे निघणार आहेत. त्यांचा बेत चोख आहे. भरतीचे पुस्तक त्यांनी दोनदा तपासले, मलाही तपासले आणि शाबासकी दिली.

त्यानंतर एल्स्पेथ आली. तिचाही एक भाऊ समुद्रात गेलेला आहे. पाद्र्याच्या घरात असल्या गोष्टी चालत नाहीत, म्हणून ती चोरून आली. तिने फळी उचलली. धाग्यावर विसंबली नाही ती, तोच नाल चार स्क्रू लावून आत पक्का केला. मग माझ्या काचेवर ओठ टेकवले आणि गेली.

मित्रांनो, आपल्या माणसाच्या काळजीपोटी काही ठेवायचे असेल तर त्याला सांगून ठेवा. आणि कोणी तुमच्यासाठी ठेवलेले तुमच्याच मुळावर आले असेल, तर तेही त्याला सांगा. वाईट वाटेल, रडू येईल, पण सांगा. ऑस्लाच्या घरी फोन आहे. ती भल्या पहाटे डाकेच्या बोटीवर जाते. त्याआधी कोणीतरी तिला उठवा.

मी इथे चांगला दोन बोटे फिरून बसलो आहे. पाद्रीबुवांनी शिदोरीची पिशवी आत्ताच आणून ठेवली.