सुमतीबाईंची तर्जनी

मार्गशीर्षातल्या सकाळचे कोवळे ऊन स्नेहलतागंजजवळच्या त्या जुन्या चर्चच्या साध्या, बिनरंगी काचांतून उतरे आणि प्रथम सुमतीबाईंच्या तर्जनीवर येऊन थांबे. ती तर्जनी पवित्र शास्त्राच्या ओळीखालून, नांगराच्या तासासारखी संथ आणि सरळ, पुढे सरकत राही.

आम्ही दोघींनी एकाच शाळेत आयुष्य घालवले; मी मराठी शिकवीत असे, त्या इतिहास. ख्रिस्ती धर्मसुधारणेच्या धड्यात त्यांच्या वाणीतून राजे आणि युद्धे मागे सरत, आणि एखाद्या साध्या विणकराच्या हाती त्याच्या बोलीतला ग्रंथ येऊन तो त्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचला, हा एकच क्षण समईसारखा तेवत राही. त्याच प्रकाशाची तिरीप मिशनऱ्यांबरोबर सातासमुद्रांपलीकडून येऊन त्यांच्या निरक्षर पणजीच्या पाटीवर पडली होती.

या हिंदी मुलखात चर्चची मंडळी आता हिंदीभाषक झाली होती. महिन्याच्या पहिल्या रविवारचा एक मराठी शास्त्रपाठ तेवढा उरला होता, आणि तो वाचणाऱ्या एकट्या सुमतीबाई. तुमच्यानंतर तो बंदच करावा लागेल, असे पाळकांनी हळुवारपणे सांगून ठेवले होते.

गुडघ्यांमुळे त्या बसून वाचत. त्यांच्या आग्रहाने आलेली मी शेजारी असे. एका रविवारी त्यांच्याकडून दोन पाने एकदम उलटली. तर्जनी परक्याच ओळींवरून चालत राहिली, आणि स्वर मात्र नेमलेला उतारा अचूक उच्चारत राहिला. उत्तरपत्रिका तपासून मुरलेल्या माझ्या नजरेला ते कळले. बाहेर निंबाखाली मी म्हटले, की कोणाच्या लक्षात आलेले नाही. इतके पाठ आहे, तर असेच चालू द्यावे.

त्या हसल्या. "बाई, तुम्ही मला कॉपी करायला सांगताय." मग शांतपणे म्हणाल्या, "म्हणणं वेगळं. वाचता यावं म्हणून आमच्या लोकांनी किती सोसलंय."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दृष्टी गेल्याचे त्यांनी स्वतःच मंडळीला सांगितले आणि ग्रंथ नातीपुढे, रियापुढे, सरकवला. शहराच्या विजय नगर भागातल्या कचेरीत दिवस काढणाऱ्या रियाची मराठी हिंदीत अर्धी विरघळलेली.

"आजी, मेरे से नाही होणार. सगळे हसतील ना."

"हसू देत. अडखळ, पण वाच."

ती प्रत्येक ओळीत अडखळली. मागच्या बाकावर कोणी हसलेही. सुमतीबाईंना शब्दन् शब्द ठाऊक होता. पण त्यांनी एकही पुरवला नाही. तर्जनी तेवढी स्वतःच्याच गुडघ्यावर हलके ठेका धरून होती.

आज ती जागा रिकामी आहे. रिया अजून वाचते, थोडे कमी अडखळते. ऊन पानावर येते आणि क्षणभर कोणाची तरी वाट पाहिल्यासारखे थबकते. पाठ असलेले न चुकता म्हणणे म्हणजे स्मरण, असे मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आले. जिथे एक बोट थांबले, तिथून दुसऱ्या डोळ्यांनी पुढे वाचत राहणे, याला मी आता स्मरण म्हणते.