अटी मी वाचल्या होत्या

तीस वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासतो. शाळेची पुस्तकं असोत की औषधांची माहितीपत्रकं, माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय काही मशीनवर चढत नाही. माझा एक नियम आहे: अर्थात शिरायचं नाही. अर्थात शिरलं की मजकूर आवडायला लागतो आणि चुका डोळ्यांदेखत निसटतात.

आठ वर्षांपूर्वी बायको विणकामाच्या एका वेबसाइटची सभासद होत होती. "अहो, या अटी जरा वाचून बघता? मग मी होकार देते," ती म्हणाली. मी बाह्या सरसावल्या. दोन संध्याकाळी घालवून एकूण एक अट वाचली, एकोणीस चुका काढल्या आणि कंपनीला कळवल्याही. त्यांनी साधे आभार मानले नाहीत, तिथेच माणसं ओळखायला हवी होती. बायकोला म्हणालो, "आता बिनधास्त हो म्हण."

गेल्या सोमवारी बाइंडर मोबाइल घेऊन माझ्या टेबलाशी आला. "साहेब, हे तुम्हीच ना?"

मीच होतो. बायकोने विणलेल्या राखाडी स्वेटरमध्ये, आमच्याच खिडकीपाशी उभा. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'तुमचाही चेहरा असाच होतो? रात्री एक गोळी, सकाळी पोट साफ!'

दुपारपर्यंत अख्ख्या छापखान्याने मला भरपूर पाणी प्यायचा सल्ला दिला. मालकांनी केळी पाठवली.

घरी येऊन मी आकाशपाताळ एक केलं. "तुझी ती वेबसाइट आजच्या आज बंद!"

"अटी तुम्ही वाचल्या होत्या ना?"

"अक्षर न् अक्षर!"

तिने कलम सत्तावीस माझ्यापुढे धरलं. सभासदाने टाकलेला कुठलाही फोटो, कुठल्याही जाहिरातीसाठी, कंपनी वापरू देऊ शकते. वाक्य ओळखीचं होतं. मी सुचवलेला स्वल्पविराम तेवढा त्यांनी घेतला होता.

"सभासदत्व सोड," मी जरा खालच्या पट्टीत म्हणालो.

"नाही सोडणार," ती म्हणाली. "दिवसभर मी एकटी असते. तुम्ही येता आणि कागदात डोकं घालता. मला बोलायला तेवढीच एक जागा आहे."

हे मला फार लागलं.

तिने तिथल्या गटात जाहिरात दाखवली आणि मोहोळ उठलं. एकीचा नातू डायपर विकत होता, एकीचे सासरे कवळीची पावडर. एक नर्स, एक शिक्षिका, एक निवृत्त पोस्टमास्तरीण अशा वीसेक बायकांनी कलमं आपसांत वाटून घेतली आणि सरळ अर्थात शिरल्या. कलम एकेचाळीस सापडलं: सभासदाने स्वतः फोटो तिथून हटवला की कंपनीचा त्यावरचा हक्क संपला. ठरलं. निरोप वेबसाइटभर फिरला: शुक्रवारी दुपारी चारला सगळ्यांनी आपले सगळे फोटो तिथून हटवायचे.

"कंपनीने चिडून गटच बंद केला तर?" मी विचारलं.

"तर बंद होईल," ती म्हणाली आणि विणलेल्या दोन ओळी तिने उसवून टाकल्या.

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. चारला पाच मिनिटं असताना तिने मोबाइल माझ्या हातात दिला. "तुमचा फोटो तुम्हीच हटवा."

फोटोखाली चार ओळी होत्या. 'यांना हसता येत नाही. डावी बाही माझ्याकडून लांब झाली, तर ती दुमडून तीन हिवाळे हाच स्वेटर घातला. मला एका शब्दाने बोलले नाहीत. तसे ते एरवीही बोलत नाहीत, पण हे बोलणंच आहे असं मी धरून चालते.'

"हे कधी लिहिलंस?"

"तुम्हीच तर तपासून दिलंत. एक अनुस्वार राहिलाय म्हणालात."

चार वाजले. मी बटण दाबलं. तिच्या फोटोंसोबत हजारो बायकांचे स्वेटर, मोजे, टोप्या, नातवंडं आणि नवरे पटापट नाहीसे झाले. वेबसाइट रिकाम्या कपाटासारखी दिसू लागली. साडेपाचला कंपनीने शेपूट घातलं. जाहिराती मागे घेतल्या, कलम सत्तावीस रद्द केलं आणि फोटो परत टाकण्याची सगळ्यांना हात जोडून विनंती केली. बायको लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत होती.

मग ती माझ्याकडे वळली. "तुमचा नको ना परत टाकायला?"

"टाक," मी म्हणालो. "पण आधी तू तिथे लिहिलेलं बाकीचं दाखव. आठही वर्षांचं."

तिने सवयीने विचारलं, "पेन्सिल देऊ?"

"नको," मी म्हणालो.