सुनंदाताई कुठल्या फोरममध्ये?

सिद्धेश राणेने जूचंद्रला फ्लॅट घेतला तेव्हा सोसायटी नवीन होती. सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ते काम त्याच्या वडिलांच्या गळ्यात पडलं. मेंटेनन्सची बिलं हाताने लिहिताना त्यांची होणारी दमछाक बघून सिद्धेशने सुट्टीच्या दिवशी बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. बिल, पावती, सभेची नोटीस, सगळं मराठीत. तो त्याने फुकट वाटला. वसई, विरार करत प्रोग्रॅम पुण्या-नाशिककडच्या सोसायट्यांपर्यंत पोचला आणि त्यासाठी काढलेल्या ऑनलाइन ग्रुपमध्ये माणसं वाढत गेली.

ग्रुपमधले दोघं पहिल्यापासूनचे. नंदाखाल गावचा क्लिफर्ड तुस्कानो एका कंपनीत प्रोग्रॅमर होता. छपाईचा सगळा भाग त्याने हौसेने लिहिला होता. आणि विरारच्या सुनंदा वर्तक. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, आपल्या सोसायटीच्या खजिनदार. त्यांना कोड लिहिता येत नव्हता, पण पडद्यावरचा प्रत्येक मराठी शब्द त्यांच्या नजरेखालून जायचा. ‘प्रविष्ट करा’ असं कुणी लिहिलं की त्या म्हणायच्या, सरळ ‘भरा’ म्हणा ना. नवीन माणसाला समजावून सांगायचं कामही न सांगता त्यांच्याकडेच आलं होतं.

गडबड झाली ती पावतीवरून. क्लिफर्डने नवी आवृत्ती ग्रुपवर टाकली आणि प्रोग्रॅमरांनी ती तपासून द्यावी असं लिहिलं. तेवढ्यात कुणाचा प्रिंटर अडला, कुणी लिफ्टच्या दुरुस्तीबद्दल विचारलं, त्यावरून टँकरवाल्यांची चर्चा रंगली, आणि क्लिफर्डचा निरोप वर कुठेतरी गाडला गेला. आवृत्ती न तपासताच बाहेर पडली. सगळीकडे पावत्या अर्ध्या कापून यायला लागल्या आणि लोकांनी क्लिफर्डला धारेवर धरलं. त्याने सिद्धेशला फोन करून सांगितलं की आता त्याला यात राहायचं नाही. सिद्धेशने त्याला कसंबसं थांबवलं आणि ठरवलं की ग्रुपचे दोन भाग करायचे.

एका रविवारी त्याने ते केलं. प्रोग्रॅमरांचा एक फोरम, वापरणाऱ्यांचा दुसरा, जुना ग्रुप बंद. एकेकाला इकडे-तिकडे घालताना सुनंदाताईंच्या नावापाशी तो थोडा थांबला. पण त्या कोड लिहीत नव्हत्या, म्हणून त्याने त्यांना वापरणाऱ्यांमध्ये घातलं. त्यांना आधी फोन करावा असं काही त्याच्या मनात आलं नाही. मग बदल कळवणारा निरोप टाकला, त्याखाली ताईंनी ‘ठीक आहे’ एवढंच लिहिलं. त्यानंतर त्यांचं एक अक्षर दिसलं नाही.

प्रोग्रॅमरांचा फोरम मात्र छान चालला. मुद्द्याचं बोलणं, झटपट उत्तरं. क्लिफर्ड पुन्हा उत्साहाने कामाला लागला. दुसऱ्या फोरममध्ये प्रश्न साचत गेले. ऑफिसचं काम आटोपलं की सिद्धेश उत्तरं द्यायला बसे, पण त्याची उत्तरं लोकांच्या डोक्यावरून जायची. कामण गावच्या एका बाईंनी ‘फाइलचा पाथ म्हणजे काय?’ असं विचारलं. त्याने ते लांबलचक समजावलं. बाईंनी आभार मानले आणि परत काही विचारलंच नाही.

चुकीचं बिल रद्द करायची सोय लोक कधीपासून मागत होते. क्लिफर्डने ती करून बिलाशेजारी एक बटण दिलं आणि त्यावर लिहिलं, ‘काढा’. म्हणजे काढून टाका. फोरममध्ये कुणाला त्यात काही खटकलं नाही. महिन्याच्या सुरुवातीला सेक्रेटरी मंडळी बिलं काढायला बसली, समोर ‘काढा’ दिसलं, त्यांनी दाबलं. प्रोग्रॅमने विचारलं, ‘नक्की काढायचं?’ सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं. बिलं गेली.

जुन्या प्रती साठवलेल्या असल्यामुळे सगळं परत आणता आलं, पण तेवढ्यात दोघांचा घामटा निघाला. काम संपल्यावर क्लिफर्ड म्हणाला की हा शब्द सुनंदाताईंनी एका नजरेत पकडला असता. मग त्याने विचारलं, ताई आहेत कुठे हल्ली?

पुढच्या रविवारी चर्चमधली मिसा आटोपून क्लिफर्डने स्कूटर काढली, वाडीतली केळ्यांची एक फणी बरोबर घेतली आणि दोघं विरारला ताईंकडे गेले. ताईंनी चहा टाकला, क्लिफर्डच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. बिलांचं त्यांना समजलं होतं. त्यांच्या स्वतःच्या सोसायटीचीही गेली होती.

सिद्धेशने सरळ विचारलं, “ताई, ग्रुप तोडला म्हणून रागावलात का?”

“तोडला ते बरंच केलंस,” ताई म्हणाल्या. “त्या गोंधळात क्लिफर्डला काम करता येत नव्हतं, ते मलाही दिसत होतं. पण इतकी वर्षं मला वाटायचं, हे आपण तिघांनी उभं केलंय. त्या दिवशी कळलं की दोघांनी केलंय आणि मी वापरते. तू मला कळवलंस रे, विचारलं नाहीस.”

सिद्धेश म्हणाला, “चुकलं माझं. तुम्हाला आजच प्रोग्रॅमरांच्या फोरममध्ये घेतो. दोन्हीकडे राहा. नवीन शब्द आले की बघत जा.”

“म्हणजे याने लोकांशी बोलायचं नाही आणि मी मध्ये निरोप्या?” ताईंनी क्लिफर्डकडे पाहिलं. “उद्या मी नसले की पुन्हा तेच. शब्द ठरवायचा असेल तर याने स्वतः आमच्याकडे येऊन विचारावं. मीही तिथेच असेन.”

क्लिफर्डला हे जड गेलं. तिथे लोक काहीही बोलतात, असं तो पुटपुटला. ताई म्हणाल्या, बोलू देत. मग तो हो म्हणाला.

त्याने त्या संध्याकाळी वापरणाऱ्यांच्या फोरममध्ये पहिल्यांदा लिहिलं. बटणावरच्या शब्दाबद्दल माफी मागितली आणि नवीन शब्द विचारला. काही जणांनी चिडून उत्तरं दिली, बाकीच्यांनी शब्द सुचवले. क्लिफर्डने सगळी वाचली, आणि शेवटी ‘रद्द करा’ ठरलं. हळूहळू ताईही पूर्वीसारखं लिहायला लागल्या. कामणच्या बाईंना त्यांनी स्वतःच विचारलं, त्या दिवशीचं अडलेलं सुटलं का?

सिद्धेशने त्यांना प्रोग्रॅमरांच्या फोरममध्ये घेतलं ते घेतलंच. तिथे त्या थोडे दिवस होत्या, आणि एकदा आपणहून बाहेर पडल्या. सिद्धेशने काळजीने फोन केला.

“काही नाही रे,” ताई म्हणाल्या. “सगळं वाचलं. मला त्यात गोडी नाही वाटली. आता फोन ठेव, इकडे एकीचा प्रिंटर अडलाय.”