फिल्मखालचे टवके

महिपत पाटलांच्या दारातली हिरवी जीप रोज सकाळी धुतली जायची आणि कुठेच जायची नाही. कोलशेत गावात एरवी हसायला एवढं कारण पुरलं असतं. पण या जीपवरून कोणी हसलं नाही. जीप मितेशची होती, आणि मितेश दोन पावसाळ्यांमागे साध्या तापाचं निमित्त होऊन गेला होता. एकुलता एक मुलगा. लग्नाची हळद तेव्हा अजून अंगणातल्या फरशीच्या फटींतून पुरती निघालेली नव्हती.

जीप घेतल्यावर मितेशने पहिलं काम काय केलं, तर कंपनीचे बरे-भले टायर काढून रुंद, खडबडीत टायर बसवले. ते चाकावरच्या कमानीच्या चार बोटं बाहेर यायचे. दिसायला झकास. पण कच्चा रस्ता लागला की पुढचं चाक खडी उचलायचं आणि नेमकी दरवाजाच्या खालच्या अंगावर फेकायचं, मागचं चाक पाठीमागच्या पत्र्यावर. बघता बघता देवीच्या वणांसारखे टवके उडाले. महिपतने तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. मिठागराकडची जमीन गेली, तिच्या पैशातून कुठे दारात ही गाडी आली, तिचे असे हाल? चाकांमागे निदान रबरी पडदे तरी लाव म्हणून रोजचा घोष. मितेश म्हणायचा, लावतो ना बाबा, रविवारी नक्की. आणि रविवारी नवरा-बायको जीप घेऊन कुठल्या तरी नदीत नाहीतर डोंगरात पसार.

त्याच टवक्यांवर महिपत आता जीव टाकत होता. पोराचे कपडे शेवंतीने कुणाकुणाला देऊन टाकले. माणसाने माणसाचे कपडे किती दिवस हुंगायचे, असं ती म्हणाली. महिपतला उरले ते टवके. मितेश जिथे जिथे गेला, तिथल्या खड्यांनी त्या पत्र्यावर आपली खूण ठेवलेली.

दिवसकार्य आटोपल्यावर तो जीप कल्याणला काळुरामच्या दुकानात घेऊन गेला. गाडीच्या रंगावर पारदर्शक फिल्म चढवायचं काळुरामचं काम. एकदा ती बसली की खडा लागो, काटा लागो, आतला रंग शाबूत. काळुराम दरवाजापाशी उकिडवा बसला, टवक्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाला, काका, आधी हे घासून भरून घेऊ, रंग मारू, मग फिल्म. उघड्या पत्र्यावर चढवत नाहीत.

"भरायचं नाय," महिपत म्हणाला. "हाय तसं ठेव. वरशी फिल्म लाव."

काळुरामने पुन्हा समजावून पाहिलं. तेव्हा सोबत आलेल्या शेवंतीने त्याला डोळ्यांनीच खुणावलं, राहू दे म्हणून. फिल्म लागली. चाकांमागे रबरी पडदेही लागले. जी गाडी आता खडीवर जाणारच नव्हती, तिला.

मग रोजचं धुणं सुरू झालं. नळाचं पाणी सकाळी थोडा वेळ यायचं, ते घरात लागायचं. जीपला बोअरिंगचं. खाडी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ते पाणी इतकं मचूळ की त्यात डाळ शिजत नाही. ज्याच्या बापाचा जन्म मिठागरात गेला, ज्याने स्वतः पोरवयात उन्हातान्हात मीठ ओढलं, त्याला हे कळू नये? मीठ ओढायची फळीसुद्धा लाकडाची असायची, कारण मीठ लोखंड खातं. हे महिपतला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. पण त्या जीपला त्याने लोखंड धरलंच नव्हतं.

सून संचिता खडवलीची. माहेरी परत जा असं तिला कोणी म्हटलं नाही, आणि ती गेली नाही. गाडी चालवायला तिला मितेशनेच शिकवलेलं. एकदा तिने जीपची किल्ली मागितली होती. महिपतने ऐकलं न ऐकलंसं केलं, तिनेही पुन्हा विषय काढला नाही. एका सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना तीच थबकली.

"बाबा, हे बघा जरा."

दरवाजाच्या खालच्या अंगाला फिल्मला फोड आला होता. आत तपकिरी पाणी. संचिताने बोट दाबलं तर पत्रा वाळक्या पानासारखा करकरला. एक फोड दिसल्यावर बाकीचे दिसायला वेळ लागला नाही. जिथे जिथे टवका, तिथे तिथे गंज, आणि वरून फिल्म अशी घट्ट की खारं पाणी आत गेलेलं बाहेर येईना. महिपत तिथेच पायरीवर बसला. हातातल्या फडक्यातून पाणी गळत राहिलं.

"सारा जलम मिठात गेला तुमचा," शेवंती दारातून म्हणाली, "आनि पोराच्या गाडीला खारं पानी." रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पुन्हा कल्याण. या वेळी महिपतने किल्ली आपणहून संचिताच्या हातात ठेवली आणि जीप तिनेच चालवत नेली. काळुरामने फिल्म सोलली तसे तिच्याबरोबर रंगाचे पापुद्रेही निघाले. मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही, तेवढं भान त्याला होतं. एवढंच म्हणाला की चांगला पत्रा लागेपर्यंत घासावं लागेल, सगळे टवके जातील. नाहीतर पुढच्या पावसात दरवाजाच जाईल.

त्याने घासायचं मशीन हातात घेतलं तसा महिपत मधे आला. पहिल्या टवक्यावर बोट ठेवून त्याने सुनेकडे पाहिलं.

"यो कंचा?"

संचिताला क्षणभर कळलंच नाही. मग ती खाली वाकली. "हा मुरबाडच्या पुढचा. रस्ता चुकलेलो आम्ही. तो कबूलच करेना."

महिपतने मान हलवली. मशीन फिरलं, टवका गेला. दुसरा बदलापूरकडच्या धरणाचा, पेरू खाऊन दोघांची पोटं बिघडली होती तेव्हाचा. तोही गेला. असे एकेक ऐकत, एकेक घासत दरवाजा चांदीसारखा उघडा पडत चालला.

"आणि हा माझा," संचिता म्हणाली. "खडवलीच्या नदीत गाडी मी चालवत होते. मी म्हटलं, बाबा रागावतील. तर म्हणतो, माझं नाव सांग, मला सवय आहे."

महिपत नाकातल्या नाकात हसला. टवक्यांवरून पोराला दिलेल्या शिव्या त्याला आठवल्या. त्यातल्या काही हिच्या वाट्याच्या होत्या तर. त्याने उपरण्याने तोंड पुसलं.

शेवटचा मागच्या चाकापाशी होता. मोहरीएवढा टवका, भोवती गंज मात्र तळहाताएवढा.

संचिताने वाकून त्यावर बोट फिरवलं. "हा मला नाही माहीत, बाबा. मी नसेन तेव्हा."

"कुठं गेलेला?"

"नाही सांगितलं कधी."

महिपत खाली बसला आणि त्याने त्या गंजावर आपला पंजा ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. पोरगा कुठे तरी एकटाच गेला होता, आणि ते आता कोणालाच विचारता येणार नव्हतं. काळुरामने मशीन बंद करून बाजूला ठेवलं. संचिता सासऱ्याच्या शेजारी जमिनीवरच बसली. बाहेर रस्त्यावर रिक्षावाले कोणाला तरी बोलावत होते.

बऱ्याच वेळाने महिपतने हात काढला. तळव्याला तांबडी भुकटी लागली होती.

"घे घासायला," तो काळुरामला म्हणाला, आणि तोंड फिरवलं.