दलालांनी येऊ नये

या, असे जवळ सरकून बसा. सतरंजीची ती कड दुमडली आहे, पाय अडकेल. बुवा अजून चहा घेताहेत, पेटीवाल्याचा सूर लागायचा आहे. तोवर एका शहाण्या माणसाची गोष्ट सांगतो. शहाणा म्हणजे मीच, कमलाकांत मास्तर. छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला.

अकोल्याला आमचं घर होतं. पुराच्या भीतीनं वडिलांनी जोतं उंच घेतलेलं, त्यामुळे अंगणातून घरात जायला नऊ पायऱ्या. अंगणात पत्र्याखाली दर एकादशीला कीर्तन, सलग बावीस वर्षं. पण माझ्या बायकोचे, सिंधूचे, गुडघे गेले आणि डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या. निधीनं, म्हणजे लेकीनं, इकडे अमरावतीला तिच्याजवळच तळमजल्याचा फ्लॅट पाहिला. फ्लॅटवाले दसऱ्यापर्यंत थांबणार होते. त्याआधी अकोल्याचं घर विकायला हवं होतं.

दलाल कशाला? आपलं घर, आपलं तोंड! जानराव दलाल दोनदा येऊन गेला. त्याला चहा पाजून वाटेला लावलं. फाटकावर माझ्या वळणदार अक्षरात पाटी टांगली: 'घर विकणे आहे. दलालांनी येऊ नये.'

पहिलं गिऱ्हाईक बार्शीटाकळीहून आलं. केदार, बँकेत नोकरीला. सोबत बायको पौर्णिमा. केदारनं विचारलं, "काका, पाण्याची टाकी केवढी आहे?"

एवढा साधा प्रश्न, पण माझ्यातला बुवा उभा राहिला. आधी पूर्वरंग: वडिलांनी ही जागा कशी घेतली, विहीर खणताना काय झालं. मग उत्तररंग: या अंगणात कोणकोणते बुवा रंगले, कोणाचा आवाज कसा लागायचा. मध्ये एक अभंगही म्हटला, चालीसकट. पौर्णिमानं दोनदा घड्याळ पाहिलं. मला वाटलं, वेळेचं भान सुटलं म्हणून पाहतेय. शेवटी मागच्या भिंतीची ओल दाखवली, कारण विठ्ठलाच्या तसबिरीसमोर खोटं कसं बोलणार? आणि निघताना अट घातली: घर घ्या, पण एकादशीचं कीर्तन अंगणात चालू ठेवावं लागेल.

"इथं? आमच्या दारात?" केदार म्हणाला.

"महिन्यातून दोनदाच. माणसं फार नसतात, साठ-सत्तर."

टाकी केवढी ते सांगायचं राहूनच गेलं.

असे अकराजण आले. चहा सगळ्यांनी घेतला, घर कोणीच घेतलं नाही. मी सिंधूला म्हणायचो, "लोकांना श्रवणाची गोडीच राहिली नाही." ती गुडघ्याला तेल चोळत म्हणायची, "हो."

भाद्रपदातली शेवटची एकादशी आली. दुपारीच निधीचा फोन होता, "बाबा, फ्लॅटवाले दसऱ्यापुढे एक दिवसही थांबणार नाही म्हणतात." तरी संध्याकाळी मी टाळ घेऊन पुढे बसलोच. त्या दिवशी जानरावही कीर्तनाला आला, शेवटच्या रांगेत बसला. आरती झाल्यावर जवळ आला.

"गुरुजी, राग नोका मानू, पण एक इचारू? तुमी घर विकून राह्यले का कीर्तन?"

मी हसलो. तो हसला नाही.

"अन् काकू कुठी बसतात कीर्तनाले?"

"कुठं म्हणजे? बायकांत, पुढे."

"मी तं मघापासून पाहून राह्यलो. त्या वरतं खिडकीत हाएत. बुक्का सगळ्याईले लागला, त्याईले नाही."

मी वर पाहिलं. गज धरून सिंधू उभी होती. बुक्क्याची वाटी घेऊन नऊ पायऱ्या चढलो.

"कधीपासून खाली आली नाहीस?"

"आषाढीपासून. आजची सहावी एकादशी." तिनं कपाळ पुढे केलं. "तुम्ही रंगलेले असता, मग कुठं हाक मारायची."

सहा एकादश्या! मी गणिताचा मास्तर, पहिल्या रांगेतलं एक माणूस कमी झालेलं मला मोजता आलं नाही.

सकाळी पाटी काढली आणि किल्ली जानरावच्या हातात दिली. म्हणालो, "माझी एक अट आहे."

त्याचा चेहरा उतरला. "कीर्तनाची?"

"नाही. मी घरात असताना गिऱ्हाईक आणू नको."

आम्ही निधीकडे आलो. पाचव्या दिवशी जानरावचा फोन. "गुरुजी, झालं! तोच बार्शीटाकळीवाला केदार. बारा मिनिटांत घर दाखवलं. ओल बी सांगतली, टाकी बी. हजार लिटरची हाए. फक्त पौर्णिमाताईनं इचारलं, रजिस्ट्रीले ते काका किती वेळ बोलतीन?"

रजिस्ट्रीला मी फक्त सही केली. विचारा जानरावला.

आज या पार्किंगमधली आपली पहिली एकादशी. ती पाहा सिंधू, पुढच्या रांगेत, काठी मांडीवर घेऊन. घरातून स्वतःच्या पायांनी चालत आली.

बुवा उठले, आता मी गप्प बसतो. एवढंच करा: बुक्का कपाळाला लागेल तेव्हा अकोल्याच्या जानराव दलालाची आठवण काढा. दलाली त्यानं घेतली. पण त्या खिडकीकडे पाहिल्याचं मी काय देऊ, असं विचारलं तर म्हणाला, "काई नोका देऊ. कोणी टाकी इचारली, तं तेवढं आधी टाकीचं सांगत जा."