मोरेश्वरकाकांची साक्ष

उत्तराने पर्सचा बंद बोटाला करकचून गुंडाळला. अमेरिकेतल्या वुस्टरच्या कोर्टात जजबाई निकाल वाचत होत्या, आणि तिचा मक्तेदारीचा दावा त्यांनी दोन वाक्यांत फेटाळला. बाजारात इतर पुरवठादार आहेत, तेव्हा ही मक्तेदारी नव्हे. झालं! फ्रोझन पुरणपोळ्यांचा तिचा धंदा एका बड्या वितरकाने वर्षभरात पार बुडवला होता. 'हिचा माल ठेवाल तर आमचा मिळणार नाही,' असा दुकानदारांना दमच दिलेला. सगळ्यांत आधी तिच्या पोळ्या काढल्या त्या जवळच्याच श्रूजबरी गावातल्या दुकानदार मोरेश्वरकाकांनी. ज्यांनी पहिल्यांदा ठेवल्या, त्यांनीच! तेव्हापासून ती त्या दुकानाची पायरी चढली नव्हती. काकूंनी बोलावूनही गौरीच्या हळदीकुंकवाला गेली नव्हती.

जजबाईंनी पान उलटलं. राज्याचा अनुचित व्यापाराचा कायदा मात्र याहून व्यापक आहे, त्या म्हणाल्या. मक्तेदारी नसली तरी दमदाटी ती दमदाटीच, आणि तिचा लेखी पुरावा समोर आहे. हा दावा पुढे चालेल.

बाहेर येताच उत्तराने आपल्या वकीलबाईंचे, अनन्याचे, दोन्ही हात धरले.

"तुझे उपकार कसे फेडू गं!"

"माझे कसले, मावशी? मोरेश्वरकाकांना थँक यू म्हणा. धमकीची ती ईमेल त्यांनीच दिली, अ‍ॅफिडेव्हिट साइन केलं. बाकी एकही दुकानदार रेडी नव्हता. मी पाठवलं होतं तुम्हाला. यू रेड इट, राइट?"

कुठलं वाचतेय! 'मला मेलीला काय कळणार त्यातलं' म्हणत तिने कोर्टाचा एकही कागद उघडला नव्हता.

ती तडक श्रूजबरीला गेली. दुकानातले तीनही फ्रीजर रिकामे होते, दोन तर बंदच. काका काच पुसत होते.

"ये गं. चहा टाकू?"

"काका, हे काय?"

"त्यांनी माल बंद केला. सही केली त्याच आठवड्यात. चालायचंच."

"मला एक फोन तरी करायचात!"

"कोणत्या तोंडाने करणार? आधी मीच घाबरलो होतो ना."

उत्तराचे डोळे भरून आले. वर्षभर या माणसाला मनातल्या मनात काय काय बोलली होती ती! तिला धड माफीही मागता येईना. ती खाली बसली, फ्रीजरच्या मागे हात घालून वायर शोधली आणि प्लग लावला.

"अगं, वीज कशाला जाळतेस? ठेवायला आहे काय?"

"गार व्हायला किती वेळ लागतो?"

"चार-पाच तास."

"मग मी पोळ्या घेऊन येते."

काकांनी लगेच फ्रीजर आतून पुसायला घेतला. ती दारापर्यंत गेली, तेव्हा त्यांना आठवलं.

"अगं, केसचं काय झालं, ते तरी सांग!"