ठमाबाईची पिशवी

तहसील कचेरीतून आलेल्या साहेबांनी रुमाल नाकाशी धरला आणि काठीच्या टोकानं झोपडीचं कुडाचं दार आत ढकललं. आत कुणीच नव्हतं. चुलीचे तीन दगड कोपऱ्यात रचलेले, मडकं पालथं, आढ्याला बियाण्याचा सुका दुधी टांगलेला.

"उंदीरपण सोबत नेलेत," साहेब म्हणाले. "वाटेत खायला."

मकसूदशेठ हसले. त्यांची सून आफिया पाच महिन्यांच्या रय्यानला खांद्यावर घेऊन मागे उभी होती. बाळाच्या तोंडावरची माशी हाकलण्यात तिनं बराच वेळ घालवला.

सुपारीच्या बागेमागच्या या नऊ झोपड्या कातकऱ्यांच्या. जमीन सातबाऱ्यावर मकसूदशेठांची. निदान घराखालची जागा तरी नावावर व्हावी म्हणून कातकऱ्यांनी अर्ज केला होता, त्याची आज पाहणी होती. दिवाळी झाली की सगळी वस्ती कोळशाच्या भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडाला परत येते. श्रीवर्धनात हे कुणाला ठाऊक नव्हतं?

"अब्बा, जूनमध्ये पाहणी झाली असती तर..."

"जूनमध्ये चिखल असतो, बेटा. जानेवारीची तारीख मीच मागून घेतली. साहेबांचे बूट कशाला खराब करायचे?"

घरी परतल्यावर पडवीत चहा आला. साहेबांनी मांडीवर पॅड घेतलं. 'झोपड्या निर्जन. वापरात नाहीत.' पंच म्हणून अजून एक सही हवी होती.

"सून बी.ए. आहे, तिचीच घ्या," मकसूदशेठ म्हणाले.

"राहण्याचा काही पुरावा?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"असता तर दाखवला नसता का त्यांनी?"

आफियानं रय्यानला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. रय्यान जन्मल्यापासून दिवाळीपर्यंत ठमाबाई रोज सकाळी त्याला तेल लावायला येत. भट्टीवर जाताना त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी तिच्या हातात दिली होती, सगळ्या वस्तीच्या कागदांची. "भाबी, आमच्यात कागद टिकत न्हाय. वाळवी खाते, न्हायतर पाऊस. तुमचं घर पक्कं हाय. ठेवा."

ती आत गेली. बाळाच्या दुपट्यांखालून पिशवी काढली आणि आणून चहाच्या ट्रेशेजारी ठेवली. रेशनकार्डं, मतदार कार्डं, पोरांच्या डोसांची कार्डं.

मकसूदशेठांचा कप ओठांशीच थांबला. साहेबांनी एकेक कार्ड उलटसुलट पाहिलं, परत पिशवीत भरलं आणि चहात बिस्किट बुडवलं.

"हे तुमच्याकडे कसं, वहिनी?"

"ठमाबाईंनी दिलं. जाताना."

"म्हणजे कागदसुद्धा तुमच्या हवाली करून गेले." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "जागा सोडल्याचा याहून चांगला पुरावा मिळायचा नाही. मकसूदशेठ, सून कामाची आहे हो!"

ते मोठ्यानं म्हणत लिहू लागले. 'रहिवाशांनी कागदपत्रे स्वखुशीने जमीनमालकांच्या स्वाधीन करून...' 'स्वखुशीने' या शब्दाखाली त्यांनी रेघ ओढली. अक्षर सुरेख होतं. एकही काना चुकला नव्हता. बिस्किटाचा चुरा कागदावर पडला, तो त्यांनी बोटानं टिपून खाल्ला.

"इथे सही."

आफियानं पिशवी उचलली आणि बाळ अन् छातीच्या मध्ये धरली.

"यानं शी केलीय. बदलून येते."

खोलीत शिरून तिनं कडी लावली. रय्यानचं दुपटं कोरडं होतं. भट्टी नक्की कुठे आहे? रोज सकाळचा तासभर ती बाई समोर बसलेली असायची, आणि हे एकदाही विचारलं नव्हतं. तिनं पिशवी पलंगावर उपडी केली. ठमाबाईंच्या रेशनकार्डामागे कुणाकडून तरी लिहून घेतलेलं होतं: भट्टीचा प्रीतम मुकादम, आणि खाली नंबर.

बराच वेळ रिंग वाजली.

"ठमाबाईंना द्या जरा. श्रीवर्धनहून आफिया बोलतेय."

पलीकडे कुऱ्हाडीचे घाव पडत होते. ते थांबले. मग धापा टाकणारा श्वास.

"भाबी? बाळ बरं हाय ना?"

दारावर टकटक झाली. "बेटा, साहेब खोळंबलेत."

"बाळ बरं आहे," आफिया म्हणाली. "ठमाबाई, तुमच्या घरांची पाहणी चाललीय. साहेब इथेच बसलेत. तुम्ही कुठे आहात आणि परत कधी येणार, तेवढं त्यांना सांगा."

तिनं स्पीकर लावला आणि कडी काढली.